टेपनं खाल्लेली छाती

अकोल्याला मामाच्या घरी टेप या नावाच्या इतक्या वस्तू होत्या की मामीनं नुसतं 'टेप आणा' म्हटलं, तर घरातली चार माणसं चार दिशांना पळायची आणि चार वेगळ्या वस्तू घेऊन परत यायची. मामी चारही वस्तूंकडं पाहून म्हणायची की मला पाचवीच पाहिजे होती.

पहिली टेप मामाची. मामा कापसाच्या एका जिनात विजेच्या तारांचं काम पाहायचा. तारेवर गुंडाळायची काळी, चिकट, डांबराच्या वासाची टेप त्याच्या खिशात कायम असायची. त्या टेपवर त्याची जितकी श्रद्धा होती तितकी कुठल्या देवावर नसेल. मामीच्या तव्याची मूठ, छत्रीची काडी, दाराची कडी, स्वतःच्या वहाणेचा अंगठा, सगळं त्यानं त्या टेपनं बांधून ठेवलं होतं. एका वर्षी त्यानं शेजाऱ्याच्या बैलाचं मोडकं शिंग चिकटवलं. तेव्हापासून आभाळात वीज कडाडली की तो बैल दोन्ही कान ताठ करून जिनाच्या दिशेनं पाहायचा. हे मी स्वतः पाहिलेलं नाही, पण मामानं सांगितलं आणि मामा खोटं बोलायचा नाही. बोलला तरी ते इतकं पक्कं चिकटवायचा की निघायचं नाही.

दुसरी टेप मामीची, पांढरी, सुती. पायजम्यांच्या नाड्या, पोरांच्या झबल्यांचे बंद, लोणच्याच्या बरणीवरच्या फडक्याची गाठ, सगळं त्याच गुंडाळीतून निघायचं. तिसरी लाल. ओसरीवरच्या खोलीत एक कारकून भाड्यानं राहायचा, तो कचेरीतून ती आणायचा. अर्ज जोवर सुटा आहे तोवर तो कागद असतो, लाल टेप बांधली की त्याची मिसल होते, आणि एकदा मिसल झाली की ब्रह्मदेवालाही ती गाठ सुटत नाही, असं तो मोठ्या अभिमानानं सांगायचा. त्याच कारकुनानं आम्हाला शिकवलं की मामाच्या पलंगाची नवार ही सुद्धा साहेबाच्या बोलीत टेपच. साहेबाची बोली भलतीच कंजूस. आपण नाडी म्हणतो, फीत म्हणतो, नवार म्हणतो, पट्टी म्हणतो. त्यानं एका शब्दात सगळं गुंडाळलं आणि राज्य करायला मोकळा झाला.

शाळेत खेळांच्या दिवशी शर्यतीच्या शेवटी दोन पोरं जी पांढरी फीत ताणून धरायची, तीही टेप. ती छातीनं तोडायची असते. मी एकदा पहिला आलो तेव्हा ती माझ्या छातीला लागलीच नाही, गळ्यावरून घसरून दातांत अडकली. मास्तरांनी मला पहिलं बक्षीस दिलं, पण देताना माझ्या छातीकडं ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मी विसरलो नाही. माझ्या छातीविषयीची शंका माझ्या मनात तिथून शिरली.

आणि ज्या टेपनं माझं आयुष्य अडवून धरलं ती या सगळ्यांहून वेगळी, शिंप्याची.

त्या वेळी माझं काय अडलं होतं ते आधी सांगतो. आमचा मळा अमरावतीपासून दोन कोसांवर. वांगी, मेथी, मिरची, कडेनं झेंडू. मळा चांगला होता, पण तीन भावांपुरता होता आणि मी चौथा. माझ्या वाट्याला काम यायचं ते एवढंच की दादा पाणी देऊन आले की मी त्यांना विचारायचं, पाणी दिलं का. तिवशाला एक मुलगी सांगून आली होती. मी तिला कौंडण्यपूरच्या जत्रेत पाहिलं होतं. उसाच्या कांड्या विकणाऱ्याशी ती अशी भांडत होती की त्यानं शेवटी हात जोडून आख्खी मोळी तिच्यापुढं ठेवली. मी तिथल्या तिथं ठरवलं की माझ्या घरात भांडायला हीच पाहिजे. पण तिचा बाप माळी असला तरी हिशेबी माळी. मळ्यातला चौथा भाऊ म्हणजे एका मांडवावरचा चौथा वेल, त्याला फळ कुठं लागायचं, असं त्यानं माझ्या बापाला तोंडावर सांगितलं. पोराच्या कमरेला सरकारी पट्टा चढला तर चैतात या, नाही तर पोरीला दुसरीकडं पाहतो.

म्हणून मी जंगल खात्यात गार्डाच्या जागेसाठी अर्ज केला होता. लाल टेपमधून तो एकदाचा सुटला आणि मी अकोल्याला मामाकडं असतानाच बोलावणं आलं. सहा आठवड्यांनी अमरावतीच्या मैदानावर हजर राहा. छाती साधी तेहतीस इंच पाहिजे आणि फुगवून पस्तीस. त्याहून कमी असेल त्यानं येण्याची तसदी घेऊ नये.

कारकुनानं ते वाचून दाखवलं तेव्हा मामा, मामी, त्यांची तीन पोरं आणि शेजारची म्हातारी अशा सगळ्यांनी एकदम माझ्या छातीकडं पाहिलं. मला सदरा असून उघडा पडल्यासारखं झालं.

मामा मला लगेच गल्लीच्या तोंडाशी शिंप्याकडं घेऊन गेला. सगळी गल्ली त्याला मास्तर म्हणायची. त्याच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याची होती आणि त्याची टेप, मामाच्या म्हणण्याप्रमाणे, निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला तेव्हा त्या सामानात आली होती. पिवळी, मेणकापडाची, हळदीत बुडवून काढलेल्या सापासारखी. तिचे पहिले तीन इंच नव्हते. पितळेचं टोक आणि एक, दोन, तीन हे इंच केव्हाच गेले होते. मास्तर म्हणायचा शेळीनं खाल्ले. त्याची बायको म्हणायची यानं कंदिलाची वात केली. काही असो, टेप सुरूच व्हायची तीनच्या आकड्यापासून. म्हणजे तिच्यावर पस्तीस दिसले की माणूस बत्तीसचा समजायचा. नवी टेप घ्यायला मास्तर तयार नव्हता. त्याचं म्हणणं असं की वजाबाकी फुकट आहे. त्या गल्लीत तीन वजा करायची सवय इतकी मुरली होती की मारुतीच्या देवळाला बारा पायऱ्या आहेत असं कोणी सांगितलं, तर ऐकणारा नऊच चढायचा आणि तोंडावर पडायचा.

मास्तरनं माझ्या काखेखालून टेप घातली, पुढं आणली, चष्मा कपाळावर ढकलला, आकड्याकडं पाहिलं, मग छपराकडं पाहिलं, ओठ हलवले आणि म्हणाला, "तेहतीस."

तेहतीस. मला वाटलं मास्तरला उचलून गल्लीतून मिरवावं. बरोब्बर तेहतीस, एक केसही कमी नाही. मी दुकानाच्या तीन पायऱ्या एका उडीत उतरलो. मामा मात्र मागून सावकाश आला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून अगदी हळू आवाजात म्हणाला, "तेहतीस नाई बाप्पा. तीस."

मी वैतागून कारण विचारलं, तर म्हणाला, "मास्तरच्या तोंडचा आकडा आन् माणसाच्या आंगचा आकडा, याच्यात तीन इंचाचा फरक असते. तुले माईत नाई का, शेळीनं खाल्ले ते."

मामा प्रामाणिक माणूस. सरकारपुढं भाच्याला खोट्या तेहतीसवर उभं करून त्याची फजिती करणाऱ्यांतला तो नव्हता. त्यानं त्याच दिवशी आमच्या घरी पोस्टकार्ड टाकलं की पोराची छाती मास्तरच्या टेपवर तीस भरली, पुढचं तुम्ही पाहा. आणि माझी रवानगी आगगाडीनं बडनेऱ्याकडं केली. गाडीत मी दोन्ही हातांनी छाती धरून बसलो होतो. समोरच्या बाईनं मला दमेकरी समजून आल्याचा तुकडा दिला.

मी घरी पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी पोस्टकार्ड आलं. थोरल्या दादानं ते ओट्यावर मोठ्यानं वाचलं. बाप वांग्याची टोपली बांधत होता. मास्तरची टेप हे शब्द ऐकले आणि त्याचे हात थांबले. कारण माय अकोल्याची, आणि बापाच्या लग्नाचा कोट त्याच मास्तरनं त्याच टेपनं शिवला होता. तेव्हा शेळीचं प्रकरण ताजं होतं आणि मास्तरला वजाबाकीची सवय लागायची होती. त्या कोटात बाप मावला, त्याच्या पाठोपाठ त्याचा धाकटा भाऊ मावला, आणि वऱ्हाडी परतताना थंडी वाजली तेव्हा करवलीही आत घेतली, असं माय सांगायची. त्या कोटानं बाप एवढंच शिकला होता की अकोल्याच्या त्या टेपवर भरवसा ठेवायचा नाही. तोही प्रामाणिक माणूस. त्यानं बोटं मोडत मोडत हिशेब केला.

"तिसातून तीन गेले. सत्तावीस."

थोरली वयनी पदर तोंडाशी धरून आत गेली. सत्तावीस इंच छाती आमच्या गावात एका बोकडाची होती आणि तो बोकडही जरा हडकुळाच समजला जायचा.

मी म्हणालो की एकदा पुन्हा मोजून पाहू. गावात टेप कुठली असणार. बापानं मला उघडं उभं केलं आणि आपल्या हातानं वीत टाकली. वीत म्हणजे नऊ इंच, हे साऱ्या दुनियेला माहीत आहे, वाफे त्यावरच आखतात. बापाची करंगळी माझ्या पाठीच्या कण्यापासून निघाली, एक वीत झाली, दुसरी झाली, तिसरी संपली तिथं अंगठा पुन्हा कण्याला येऊन टेकला. तीन विती. तीन नवे सत्तावीस. आता संशयाला जागाच राहिली नाही. अकोल्याची टेप आणि देवानं दिलेला हात, दोघांची साक्ष एक निघाली.

सहा आठवडे आणि सहा इंच. आठवड्याला एक इंच छाती पिकवायची होती, आणि आमचं घराणं पिकवणाऱ्यांचं. सगळं गाव कामाला लागलं. मायनं म्हशीचं दूध माझ्या नावे केलं, पारडू माझ्याकडं वैऱ्यासारखं पाहू लागलं. सकाळी शेंगदाणे, मग केळी, मग भाकरी, मग तिळाची चटणी लावून पुन्हा भाकरी. ज्वारीच्या भाकरींचा आकडा मी सांगणार नाही, तुम्हाला खोटा वाटेल. एवढंच सांगतो की वयनींनी आळीपाळीनं थापायला सुरुवात केली आणि पंधरा दिवसांत तिघींचे हात पहिलवानांसारखे झाले. माझी छाती मात्र होती तिथंच.

मग मला आखाड्याच्या वस्तादाच्या ताब्यात दिलं. या वस्तादानं तरुणपणी एका जत्रेत समोरच्या मल्लाला नुसत्या शिंकेनं चीत केलं होतं, असं तो स्वतः सांगायचा, आणि ती शिंक ऐकलेली दोन म्हातारी माणसं बहिरी होऊन साक्षीला बसलेली असायची. दंड, बैठका, मुद्गल, सगळं झालं. शेवटी त्यानं रामबाण काढला. मळ्याच्या विहिरीत उतरायचं, श्वास कोंडून बुडी मारायची आणि वर तो शंभर म्हणेपर्यंत बाहेर यायचं नाही. पण वस्तादाची मोजणी अशी की तेवीसपर्यंत आला की त्याला कोणी रामराम घालायचं, त्याला तो जबाब द्यायचा आणि मग पुन्हा एकापासून सुरू करायचा. मी विहिरीच्या तळाशी इतका वेळ काढला की बेडूक मला घरातलाच समजून पाठीवर बसायला लागले.

दर रविवारी बाप वीत टाकायचा आणि घरातली माणसं श्वास रोखून उभी राहायची. पहिल्या रविवारी तीन विती. दुसऱ्या रविवारी तीन विती. तिसऱ्या रविवारी पोट अर्धी वीत वाढलं, पण सरकारनं पोटाचं काही मागितलं नव्हतं. त्याच आठवड्यात मी बसलो असता पलंगाची नवार फाटली आणि मी खालून निघालो. पाचव्या रविवारी तीन विती आणि अंगठा न टेकता एक बोट. शेवटच्या दिवशी तीन विती आणि जेमतेम दोन बोटं. बापानं मनाशी बेरीज केली. एकोणतीस, फार ओढून ताणून.

त्या संध्याकाळी मायनं माझ्या ताटात वाढलेलं मला गेलं नाही. मी म्हणालो की नाही जात. दारावरूनच हाकलणार, मग दोन कोस गाडीतून जाऊन हाकलून कशाला घ्यायचं. तिवशाला निरोप पाठवून द्या, पोरगी बिचारी अडकून पडली आहे. दादांनी माना खाली घातल्या. बाप भाकरी मोडत होता, तो माझ्याकडं न पाहता म्हणाला, "गेटावरून वापस आला तरी चालते. घरून वापस नको येऊ."

सकाळी आम्ही दोघं वांग्याच्या गाडीतून अमरावतीला निघालो. वाटेत बाप एक शब्द बोलला नाही. मी श्वास कोंडण्याचा सराव करत होतो, त्यामुळं मलाही बोलता येत नव्हतं. बैलच काय ते एकमेकांशी बोलले असतील.

मैदानावर आमच्यासारखी पन्नासएक पोरं उघडी उभी होती. काहींच्या छात्या अशा की त्यांच्यावर भाकरी थापावी. चिंचेखाली टेबल, टेबलाशी एक कारकून टाक घेऊन, आणि त्याच्या बाजूला एक किरकोळ अंगाचा डॉक्टर, हातात टेप. माझ्या पुढचा गडी चांगला दांडगा दिसत होता. डॉक्टरनं टेप लावली आणि म्हणाला, बत्तीस, जा. तो गडी रडत गेला. मी मनात म्हटलं, बत्तीसवाला रडतो आहे, मग एकोणतीसवाल्यानं काय करावं.

माझा नंबर आला. मी गेटापासून श्वास भरून आलो होतो, डोळे बाहेर आले होते. डॉक्टर म्हणाला, आधी श्वास सोड, साधी मोजायची आहे. मी सोडला. थंडगार टेप काखेतून फिरली.

"पस्तीस," डॉक्टर म्हणाला.

कारकुनानं टाक दौतीत बुडवला आणि कागदावर तीनचा आकडा काढला.

आता शहाण्या माणसानं तिथं गप्प बसायचं. पण मी कोणाचा मुलगा आणि कोणाचा भाचा. त्या दोघांचा प्रामाणिकपणा माझ्यात एकदम उसळून आला. पस्तीस हा आकडा माझा असणं शक्यच नव्हतं. उद्या जंगलात पोचल्यावर साहेबानं पुन्हा मोजलं, खोटेपणा उघडा पडला, तर माझ्या बापानं तिवशात तोंड कसं दाखवायचं?

मी म्हणालो, "सायेब, तीन वजा करा."

डॉक्टर थांबला. कारकुनाचा टाकही थांबला. तीन काढून झाला होता, पुढचा आकडा राहिला होता. पाच काढला तर मी गार्ड, दोन काढला तर मी चौथा वेल. टाकाच्या टोकावर शाईचा थेंब जमा होत होता आणि मला त्या थेंबात सगळं तिवसा उलटं दिसत होतं.

डॉक्टरनं विचारलं, कशाचे तीन. मी म्हणालो, टेपचे. हे ऐकून कारकुनानं मान हलवली, जसं काही हा नेहमीचाच नियम आहे, आणि दोनचा आकडा काढायला हात खाली नेला. डॉक्टरनं त्याचं मनगट धरलं.

"थांबा हो. अरे, हे टोक धर. काय आहे हे?"

"पितळ, सायेब."

"त्याच्या पुढचा आकडा कोणता?"

"एक."

"मग कशाचे तीन वजा करू? तुमच्याकडची टेप कुठून सुरू होते?"

मी सांगितलं, तीनपासून. मग शेळी सांगितली, वात सांगितली, मास्तर सांगितला, मामा सांगितला. रांगेतली पोरं जवळ सरकली. डॉक्टर आधी कपाळाला आठ्या घालून ऐकत होता. मग त्यानं एकच गोष्ट विचारली. त्या शिंप्यानं आकडा पाहिल्याबरोबर सांगितला, की थांबून सांगितला? मी आठवलं. चष्मा कपाळावर, नजर छपराला, हलणारे ओठ. मी म्हणालो, थांबून.

"म्हणजे त्यानं वजा केले होते, गाढवा. तू तेव्हाच तेहतीस होतास. मग तुझ्या मामानं वजा केले. मग?"

"मंग बापानं," मी म्हणालो.

डॉक्टर टेबलाला धरून हसायला लागला. हसता हसता त्यानं विचारलं, अरे पण घरी कोणाला शंका कशी आली नाही? मी म्हणालो, बापानं वितीनं मोजून खात्री केली, तीन विती, तीन नवे सत्तावीस. डॉक्टरनं डोळे पुसले आणि बापाला आत बोलावून आणायला सांगितलं.

बाप आला तो हात जोडूनच. त्याला वाटलं पोरानं काही तरी गुन्हा केला आणि आता आपल्याला धरतात. डॉक्टर म्हणाला, वीत पसरा. बापानं घाबरत पंजा टेबलावर पसरला. त्या पंजात फावडं लहान दिसायचं. डॉक्टरनं अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत टेप लावली आणि कारकुनाला दाखवली. अकरा इंच, वर एक दाणा.

बाप आपल्या हाताकडं पाहतच राहिला. पन्नास वर्षं तो हात वापरला, त्यानं वाफे आखले, विहिरीचा दोर मोजला, माझ्या बहिणीच्या लग्नाचा मांडव आखला, तो मांडव इतका मोठा कसा झाला हे कोणाला कळलं नव्हतं. आता कळलं. तो डॉक्टरला म्हणाला, "सायेब, हा हात माया बापाचाबी असाच होता. त्यानं सांगतलं का वीत म्हंजे नऊ, तं म्या धरलं नऊ."

डॉक्टर म्हणाला, चूक तुमची नाही, हाताची आहे. मग कारकुनाकडं वळून म्हणाला, "लिहा पाच."

कारकुनानं पाच काढला. थेंब तोवर खाली पडलाच होता, त्यामुळं त्या पाचाला खाली एक काळं पोट आलं, पण तो पाचच होता. मी तो आकडा आजवर विसरलेलो नाही. पुढं फुगवून मोजायची पाळी आली. सहा आठवड्यांची विहीर, बेडूक आणि वस्तादाची शंभरी, सगळं मी एका दमात आत ओढलं. टेप सरकत गेली. डॉक्टर अडतीसला म्हणाला, बस, टेप सरकारी आहे.

त्यानंतर चार मैल चालवून पाहिलं. मी कसा चाललो ते मला आठवत नाही, चाललो एवढं खरं, कारण संध्याकाळच्या आत कागद हातात मिळाला. चैताच्या आधी चिखलदऱ्याला हजर व्हायचं.

बाहेर बाप गाडीच्या दांडीवर बसला होता. मी कागद दाखवला. त्याला वाचता येत नव्हतं, तरी त्यानं तो दोन्ही बाजूंनी पाहिला. वांगी तशीच होती, अर्धी सुकली होती, बाजार केव्हाच उठला होता. मला वाटलं आता घरी जाऊ, मायला सांगू. बापानं बैल एका ओळखीच्या अडत्याच्या गोठ्यात बांधले, टोपली खांद्यावर घेतली आणि नागपूरच्या मोटारीच्या अड्ड्याकडं चालायला लागला. बाप जन्मात कधी मोटारीत बसला नव्हता. मोटारीत बसणारी माणसं मधल्या वाटेत जीव सोडतात, असं तो आम्हाला नेहमी सांगायचा. मी विचारलं, "बाबा, कोठी चाललो आपण?"

तो म्हणाला, "तिवशाले. त्यायनं चैत म्हनला, पन आज जाऊन सांगतलेलं बरं. पोरगी वाट पाहत असन."

पोरगी वाट पाहत होती की नाही, हे तिनं मला पुढं चिखलदऱ्याला कितीही विचारलं तरी सांगितलं नाही, आणि त्यावरून आमचं पहिलं भांडण झालं. पण तो निराळा विषय.

मोटार सुटली. पहिल्या धक्क्याला बापानं डोळे मिटून माझा दंड धरला. गाव मागं पडलं, दोन्ही बाजूंना पऱ्हाटीची शेतं आली, आणि त्याचा धरलेला हात हळूहळू सैल झाला. सहा आठवड्यांत त्याला धड झोप लागली नव्हती, हे मला माय नंतर बोलली. त्याची मान आधी डुलली, मग माझ्या छातीवर टेकली. पागोटं सरकून माझ्या हनुवटीला घासत होतं, टोपलीतली वांगी पायाशी लोळत होती, ड्रायव्हर कोणाशी तरी मोठ्यानं बोलत होता, बापाला कशाचाच पत्ता नव्हता. तो घोरायला लागला. मी अगदी उथळ श्वास घेत तिवशापर्यंत तसाच बसून राहिलो, त्याची झोप मोडू नये म्हणून.